राजारामपुरीतली फळमाश्यांची कार्यशाळा: जावं का? सविस्तर रिव्ह्यू

आधी सरळ सांगते, जायलाच पाहिजे अशी कार्यशाळा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत एका जुन्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर छोटं विज्ञान केंद्र आहे, तिथं अधनंमधनं शनिवार-रविवार फळमाश्यांचं वागणं आणि त्यामागची जीन्स, म्हणजे जनुकं, यावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतात. फी माणशी १२०० रुपये, त्यात चहा, नाश्ता आणि दुपारचं जेवण आलं. शिकवणारे सर रिटायर्ड प्राध्यापक आहेत आणि मदतीला दोन मॅडम, दोघी एमएस्सी झालेल्या. मी भाचीला घेऊन गेले होते, ती अकरावी सायन्सला आहे. मी स्वतः बीएस्सी झूलॉजी केलेली, पण आमच्या वेळी फळमाशी म्हणजे लाल डोळे गुणिले पांढरे डोळे, तक्ता काढा आणि पाच मार्क घ्या, एवढंच. जिवंत माशी तीन वर्षांत कुणी दाखवली नाही. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय, कारण असं काही आपल्या गावात मिळतंय हे लोकांना कळलं पाहिजे असं मला मनापासनं वाटतं.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते. शेतातली फळमाशी, म्हणजे आंब्यात नाहीतर काकडीत अळ्या पाडणारी, जिच्यासाठी रक्षक सापळा लावतात, ती ही नव्हे. ही म्हणजे पिकलेल्या केळ्यावर, रसवंतीत चोथ्याच्या बादलीवर घोंघावणारी बारीक चिलटं. आमच्या बॅचला पन्हाळ्याकडचे एक काका दोडक्याला कीड लागली म्हणून आले होते, त्यांना चहाच्या आधीच कळलं की इथं फवारणीचं काही सांगणार नाहीत. सरांनी स्वतःहून फी परत देतो म्हटलं, पण काका म्हणाले असू दे ओ, बसतो, आणि दोन्ही दिवस शेवटपर्यंत बसले, सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. आयोजकांनी जाहिरातीत मात्र हा फरक मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे, आपल्या जिल्ह्यात फळमाशी म्हटलं की शेतकरी येणारच.

पहिल्या दिवशी सकाळचा तासभर दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगतं यात गेला, तो मला अजिबात पटला नाही. लोक पैसे भरून, लांबनं एसटीनं आलेले असतात. पण त्यानंतर सर थेट गॅसच्या शेगडीपाशी गेले आणि तिथनं पुढं कार्यशाळेनं जो वेग पकडला तो सुटला नाही.

माश्यांचं जेवण आमच्यासमोर शिजवलं. लिटरभर पाणी, १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, आणि बुरशी धरू नये म्हणून शेवटी ७.५ मिली प्रोपिऑनिक ॲसिड. परदेशात बहुतेक लॅबमध्ये मक्याचं पीठ वापरतात, पण आपल्याकडं म्हैसूर विद्यापीठात फळमाश्यांचं स्टॉक सेंटर आहे आणि ही रवा-गुळाची पद्धत तिकडनं आलेली. गूळ अर्थातच मार्केट यार्डातला. मिश्रण घट्ट व्हायला लागलं की गॅस बंद, थोडं निवू द्यायचं, मग ॲसिड, मग गरम असतानाच काचेच्या बाटल्यांत ओतायचं, वरनं यीस्टचे थेंब, कापसाचा बोळा, झालं. ॲसिड टाकताना खिडक्या उघड्या पाहिजेत, तो वास नाकात शिरतो. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी त्या वेळी बाहेर थांबा, सर सांगत नाहीत पण मी सांगते. २५ डिग्रीला ठेवलं की अंड्यापासनं उडणारी माशी दहा दिवसांत तयार होते, आणि म्हणूनच शंभर वर्षांहून जास्त काळ शास्त्रज्ञ या प्राण्याला सोडत नाहीत. क्रोमोसोमच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या, जोड्या फक्त चार, खर्च रवा-गुळाचा, आणि महिन्याला दोन-तीन पिढ्या.

आता मूळ विषय. डोळ्याचा रंग, पंखाचा आकार हे जीन्समुळं ठरतं हे सगळ्यांना पटतं. पण वागणं? उजेडाकडं जाणं, नराचं मादीमागं फिरणं, झोपेची वेळ, आठवण ठेवणं, हे एकेका जीनपर्यंत नेऊन दाखवता येतं का? १९६० च्या दशकात हा प्रश्न विचारणं म्हणजे धाडस होतं. सीमोर बेंझर म्हणून मूळचे फिजिक्सवाले शास्त्रज्ञ, व्हायरसच्या जीन्सवर मोठं काम करून झालेले, ते कॅलिफोर्नियात कॅलटेक या संस्थेत माश्यांकडं वळले आणि १९६७ साली त्यांनी एक साधं उपकरण करून वागणं मोजून दाखवलं. त्याच उपकरणाची नक्कल या कार्यशाळेत आहे, आणि ती आपल्याच उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, करून घेतलेली आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं. ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या, एकीत प्लॅस्टिकच्या टेस्ट ट्यूब खाली, दुसरीत वर, दोन्ही पट्ट्या एकमेकींवर सरकतात. पहिल्या नळीत माश्या घालायच्या, टेबलावर ठोकून सगळ्या तळाला पाडायच्या, उपकरण आडवं करायचं, पलीकडच्या टोकाला ट्यूबलाइट. पंधरा सेकंदांत ज्या उजेडाकडं पळाल्या त्या पलीकडच्या नळीत, ज्या राहिल्या त्या अलीकडं. पट्टी सरकवायची, परत ठोकायचं, परत पंधरा सेकंद. असं चार-पाच वेळा केलं की माश्या आपोआप वेगवेगळ्या नळ्यांत वाटल्या जातात: दर वेळी पळणाऱ्या शेवटच्या नळीत, कधीच न पळणाऱ्या पहिलीत, बाकीच्या मधे.

हे हातानं करताना एक गोष्ट कळते जी वाचून कळत नाही. एकाच जातीच्या, एकाच बाटलीतल्या, एकसारख्या वाढवलेल्या माश्या, तरी सगळ्या एकसारख्या वागत नाहीत. बहुतेक पुढं जातात, काही मधेच रेंगाळतात. म्हणजे एका माशीकडं बघून तिच्या जीनबद्दल काहीच बोलता येत नाही, भरपूर माश्या घेऊन किती कुठं गेल्या हे मोजावं लागतं. आणि सरांनी लगेच दुसरी फेरी करायला लावली, या वेळी उजेड उलट्या बाजूला. का, तर जी माशी उजेडाकडं आली नाही ती आंधळी आहे का लंगडी आहे का नुसती सुस्त आहे हे पहिल्या फेरीतनं कळत नाही. बेंझरनीही असंच दोन्ही बाजूंनी केलं होतं. मग तुटक्या पंखांच्या, म्हणजे व्हेस्टिजियल माश्या दिल्या, त्या उडू शकत नाहीत पण चालत व्यवस्थित गेल्या. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांना उजेड कळतो, पण डोळ्यात रंग नसल्यामुळं आजूबाजूचा उजेड आत शिरतो आणि चित्र धूसर दिसतं. पुढं मॅडमनी एक सांगितलं ते मला नवीन होतं, की पांढऱ्या डोळ्यांचा हा जीन, ज्यावर १९१० साली मॉर्गन या शास्त्रज्ञांनी काम केलं, त्याचं प्रोटीन नुसतं डोळ्यात रंगाचा कच्चा माल नेत नाही, त्यात बिघाड झाला की मेंदूतल्या सिरोटोनिन-डोपामिन या संदेश नेणाऱ्या रसायनांवरही परिणाम होतो. ज्याला आपण डोळ्याच्या रंगाचा जीन म्हणून पाठ केलं तो वागण्यातही लुडबुड करतो! एक जीन एक गुण ही शाळेतली समजूत तिथंच मोडली.

पहिल्या दिवसाचा सगळ्यात भारी भाग दुपारचा. शिबिरे नावाच्या जीनमध्ये बदल असलेल्या माश्यांची एक बाटली, शेजारी साध्या माश्यांची एक. दोन्ही बाटल्या कोमट पाण्याच्या टबात ठेवल्या, टबात थर्मामीटर. काटा ३० च्या आसपास गेला आणि काही वेळातच शिबिरेवाल्या माश्या भिंतीवरनं गळायला लागल्या. एक पडली, मग दोन-तीन, मग धपाधप सगळ्या, तळाला पाय वर करून गप्प. शेजारच्या बाटलीतल्या मजेत फिरतायत. भाची म्हणाली, "आत्या, मेल्या गं सगळ्या." सरांनी बाटली बाहेर काढून टेबलावर ठेवली, कुणी काही बोललं नाही, सगळे बघत बसलो. थोड्या वेळात एकीचा पाय हलला, मग दुसरीचा, एक उलटी होती ती सुलटी झाली, डोकं दोन पायांनी पुसलं आणि चालायला लागली. बघता बघता सगळी बाटली परत जिवंत.

कारणही छान समजावलं. नसांच्या टोकाला रसायन भरलेल्या बारीक पिशव्या असतात, त्या फुटून संदेश पुढं जातो आणि मग त्यांची कातडी परत आत ओढून नवीन पिशव्या भरतात. शिबिरे जीनचं प्रोटीन, डायनामिन, हे परत ओढायचं काम करतं. बदललेलं प्रोटीन थंडीत चालतं, गरम झालं की अडतं. दूधवाल्याकडं रिकाम्या बाटल्या परत आल्याच नाहीत तर दुसऱ्या दिवशी दूध भरणार कशात, तसं होतं, नसांकडचा साठा संपतो आणि माशी आडवी. हा बदल व्हँकूव्हरच्या डेव्हिड सुझुकींच्या गटानं १९७३ ला जाहीर केला. आणि पुढं २००१ मध्ये याचाच स्विच म्हणून वापर सुरू झाला: मेंदूतल्या हव्या त्याच पेशींत हा बदललेला जीन घालायचा, माशी गरम करायची, तेवढ्याच पेशी बंद पडतात, आणि मग माशीचं कुठलं वागणं थांबलं ते बघायचं. थंड केलं की परत सुरू. मला हे ऐकताना अंगावर काटा आला. उन्हाळ्यात ही कार्यशाळा का घेत नाहीत तेही तेव्हा कळलं, एप्रिल-मेमधल्या कोल्हापूरच्या उकाड्यात या माश्या कपाटातच आडव्या होतील.

इथंच सरांनी ओबेद सिद्दिकींचं नाव घेतलं आणि हा भाग माझ्यासाठी फार महत्त्वाचा होता. सिद्दिकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, १९७० च्या दशकात बेंझरकडं जाऊन त्यांनी अशाच गरमीत लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या नसांचा अभ्यास केला, १९७६ चा त्यांचा दोघांचा पेपर आहे. परत आल्यावर मुंबईत वास आणि चव यांच्या जीन्सवर काम सुरू केलं. व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याच विद्यार्थिनी, वास न कळणाऱ्या, चव न ओळखणाऱ्या माश्या त्यांनी शोधल्या आणि वासाच्या अभ्यासातलं त्यांचं नाव जगभर झालं. पुढं सिद्दिकींनी बंगळुरूत एनसीबीएस ही जीवशास्त्राच्या संशोधनाची संस्था उभी केली. २०१३ मध्ये ते गेले. मुंबई म्हणजे आपल्याच राज्यात झालेलं हे काम, आणि झूलॉजीची डिग्री हातात असून मला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी ही दोन नावं तरी पुस्तकात घालावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर-मादीचं वागणं. बटणाएवढ्या खळग्यात एक नर, एक मादी, वर काच, आणि त्यावर स्टिरिओ मायक्रोस्कोप. नर ओळखायला सोपा, पोटाचं टोक काळं आणि पुढच्या पायांवर काळा कंगवा. सुरुवातीला दोघं आपापल्या कोपऱ्यात. मग नर तिच्याकडं तोंड करून उभा राहिला, तिच्या मागं मागं चालायला लागला, पुढच्या पायानं तिच्या पोटाला हलकेच टिचकी मारली, आणि मग एकच पंख, एकच, बाजूला काटकोनात पसरून थरथरवायला लागला. ती पळाली. तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला आणि आता तिकडचा पंख. हा आवाज म्हणजे त्याचं गाणं, ठोक्यांमधलं अंतर साधारण ३५ मिलिसेकंद, मॅडमनी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग ऐकवलं, मांजर घुरघुरतं त्याच्या जवळ जाणारा आवाज. कुणी त्याला हे शिकवलेलं नाही. एकटाच वाढवलेला, दुसरी माशी कधी न बघितलेला नर पण हेच क्रमानं करतो.

त्यामागं जो मोठा जीन आहे त्याचं नाव फ्रूटलेस. १९६३ साली कुलबीर गिल या संशोधकांना असे नर सापडले जे नरांच्याही मागं लागत होते आणि मादीशी मीलन करत नव्हते. पुढं कळलं की या जीनवरनं निघणाऱ्या संदेशाचे तुकडे नरात आणि मादीत वेगवेगळ्या पद्धतीनं जोडले जातात, आणि २००५ मध्ये व्हिएन्नात बॅरी डिक्सन यांच्या गटानं मादीत नराच्या पद्धतीची जोडणी करून दाखवली, तर ती मादी दुसऱ्या मादीमागं फिरून पंख थरथरवायला लागली. हॉलमध्ये कुजबुज झाली आणि मागनं एक प्रश्न आलाच, माणसातही असंच असतं का म्हणून. सर शांतपणे म्हणाले, माणसात असा एक स्विच नाही, माशीचं सरळ उचलून माणसाला लावू नका, आणि कुणाला हिणवायला तर अजिबात वापरू नका. हॉलमध्ये शाळेतली पोरं होती, त्यांच्यासमोर हे इतक्या स्पष्ट शब्दात सांगितलं याबद्दल मी त्यांना वेगळे मार्क देते.

मग अळ्या. ताटलीत यीस्टची पातळ पेस्ट पसरलेली, त्यावर एकेक अळी सोडायची, पाच मिनिटांत तिनं पेस्टमध्ये जी वाट पाडली ती वरनं ट्रेसिंग पेपरवर काढून दोऱ्यानं मोजायची. काही अळ्या हातभर भटकतात, काही जागच्या जागी खात बसतात. कॅनडातल्या मार्ला सोकोलोव्स्की यांनी १९८० मध्ये हा फरक दाखवला, भटक्यांना रोव्हर आणि बसक्यांना सिटर नाव दिलं, आणि १९९७ मध्ये यामागचा फोरेजिंग नावाचा जीन कुठला ते नक्की झालं. यात लॅबमध्ये बिघडवलेलं काही नाही, बागेतल्या माश्यांतच दोन्ही प्रकार सापडतात आणि दोन्ही नॉर्मल. आमच्या ताटल्यांत बाजारातनं केळी लावून पकडलेल्या माश्यांच्या अळ्या होत्या, त्यामुळं कुठली नक्की रोव्हर आणि कुठली सिटर असा शिक्का आम्हाला मारता येत नव्हता, सरांनी तसं सांगितलंही. आपल्याकडं केळ्यावर येणाऱ्या सगळ्या मेलानोगास्टरच, म्हणजे लॅबमधल्या नेहमीच्या जातीच्याच, असतात असंही नाही, अनानासे जातही भरपूर.

पण खरी गोष्ट पुढं आहे. हा रोव्हर-सिटर फरक अन्न समोर असेल तेव्हाच दिसतो. ताटलीत यीस्ट नसेल तर दोघी सारख्याच भटकतात. आणि रोव्हरला उपाशी ठेवलं तर ती सिटरसारखी वागायला लागते. म्हणजे जीन तोच, अळी तीच, परिस्थिती बदलली आणि वागणं बदललं. पन्हाळ्याचे काका हे ऐकून म्हणाले, "म्हंजे सर, पोरगं चिडकं हाय ते बापाकडनंच आलंय असं म्हणायला येत न्हाई की मग!" सगळे हसले पण सरांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही, पुढची वीस मिनिटं त्यावर दिली. वारशानं काहीच येत नाही असं नाही, येतं. पण माणसाच्या स्वभावात एक-दोन नाही, हजारो जीन्सचे बारीक बारीक वाटे असतात, त्यात घर, शाळा, खाणं, झोप, सोबत सगळं मिसळतं, आणि एका पोराकडं बघून हे कुठनं आलं ते सांगता येत नाही. माशीत, जिथं आपण खाणं-पिणं, तापमान, आईबाप सगळं हातात ठेवतो, तिथंसुद्धा भरपूर माश्या मोजल्याशिवाय बोलता येत नाही. ही वीस मिनिटं माझ्या मते पूर्ण कार्यशाळेचा गाभा होती आणि ती प्रश्नामुळं घडली, कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. आयोजकांनी ती पत्रिकेत घालावीत.

आणि म्हणूनच मला पुढची गोष्ट फार खटकली. जेवणाच्या सुट्टीत हॉलच्या दाराशी कुठल्यातरी कंपनीचा माणूस पत्रकं वाटत होता, मुलाची लाळ द्या, डीएनएवरनं त्याचा कल, त्याचं करिअर, त्याचा स्वभाव सांगतो, फी काही हजार. केंद्राचा त्याच्याशी संबंध नाही असं मॅडम म्हणाल्या आणि मी विश्वास ठेवते, पण मग त्याला जिन्यातनं खाली पाठवायला पाहिजे होतं. आत एक शिकवायचं आणि दारात बरोबर उलटं विकलं जाऊ द्यायचं, हे बरोबर नाही. बॅचमधल्या दोन आयांनी ते पत्रक जपून पर्समध्ये ठेवलेलं मी बघितलं. जेवणाआधीच त्यांनी अळ्यांचे दोरे मोजले होते तरीसुद्धा. मुलांच्या काळजीपोटी माणूस पैसे देतो, त्या काळजीचा असा धंदा करणाऱ्यांचा मला मनापासनं राग येतो.

जैविक घड्याळाचा भाग मात्र नुसता स्लाइडवर झाला आणि घाईत झाला. खरंतर सगळ्यात मोठी गोष्ट हीच. रॉन कोनोप्का हा बेंझरचा विद्यार्थी, त्यानं बघितलं की माश्या कोषातनं पहाटेच्या सुमाराला बाहेर येतात, आणि मग केमिकल देऊन बदल केलेल्या माश्यांत भलत्याच वेळी बाहेर येणाऱ्या शोधत बसला. तीन सापडल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, एकीचा २८ तासांचा आणि एकीला वेळेचं भानच नाही. तिन्ही बदल एक्स क्रोमोसोमवर एकाच जागी निघाले, त्या जीनला पीरियड म्हणतात, पेपर १९७१ चा. तेव्हा बऱ्याच लोकांचा विश्वास बसला नाही. पुढं हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांनी हा जीन हातात धरला, त्याचं प्रोटीन रात्री साठतं, पेशीच्या केंद्रात जाऊन स्वतःच्याच जीनला थांबवतं, मग हळूहळू नष्ट होतं आणि चक्र परत सुरू होतं, एका फेरीला साधारण २४ तास. २०१७ चं नोबेल या तिघांना मिळालं. बेंझर २००७ ला गेले होते आणि कोनोप्का २०१५ ला, गेलेल्या माणसाला नोबेल देत नाहीत. संध्याकाळी सात-साडेसातलाच डोळे मिटणारी आणि पहाटे चारला टक्क जागी होणारी काही कुटुंबं आहेत, त्यांच्यात याच जीनच्या माणसातल्या भावंडात, पीरियड-२ मध्ये, बदल सापडला, २००१ मध्ये. मला यावर अजून अर्धा तास पाहिजे होता. सत्काराचा तास इकडं द्यायचा होता, एवढंच माझं म्हणणं. दोन दिवसांत घड्याळ प्रत्यक्ष दाखवता येत नाही हे मान्य, पण आधीपासनं नोंद केलेली एखाद्या बाटलीची वही, कुठल्या तासाला किती माश्या बाहेर आल्या, एवढं जरी समोर ठेवलं असतं तरी पोरांनी स्वतः आलेख काढला असता.

आठवणीचा जीन, डन्स, १९७६ चा, ज्यात बिघाड झाला की माशीला वास आणि शॉक यांची सांगड घालता येत नाही, तो पण उडत उडत झाला. शेवटी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला माशीच्या मेंदूचा नकाशा पडद्यावर दाखवायचा होता, १,३९,२५५ पेशी आणि पाच कोटींवर जोडण्या, एका मादीच्या खसखशीएवढ्या मेंदूतल्या. पण नेट इतकं स्लो की रंगीत धागे एकेक करून उमटत होते. हे आधी डाउनलोड करून ठेवायला काय हरकत होती.

बाकीच्या तक्रारी भराभर. मायक्रोस्कोप कमी आहेत, एका मायक्रोस्कोपला पाच-सहा जण, आणि मीलनाच्या वेळी तर पोरं एकमेकांना ढकलत होती, ज्याची पाळी येते तोवर नर गप्प बसलेला. मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून पडद्यावर दाखवलं तरी प्रश्न सुटेल. हातात दिलेल्या नोट्स पूर्ण इंग्लिशमध्ये, शिकवणं अस्सल मराठीत आणि नोट्स इंग्लिश हे मला कळलं नाही, काकांना त्याचा काही उपयोग झाला नाही, भाचीनं मागच्या पानांवर मराठीत लिहून दिलं त्यांना. लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून जा. पार्किंग रस्त्यावर, शनिवारी जागा मिळत नाही, रिक्षानं गेलेलं बरं. जेवण चांगलं होतं, झुणका-भाकरी, ठेचा, दही, आणि वाढणारे आग्रहानं वाढत होते.

कुणी जावं? आठवीच्या पुढची पोरं, बायॉलॉजीचे शिक्षक, आणि नीटला बसणारी, पण मार्कांसाठी नको, त्यातलं फारसं पेपरात येत नाही. सहावी-सातवीच्या खालच्यांना दुसरा दिवस जड जाईल आणि मायक्रोस्कोपला त्यांचा नंबरही लागणार नाही. नवीन बॅच पावसाळा संपला की सुरू करतात असं मॅडम म्हणाल्या. नाव नोंदवायला प्रत्यक्ष जावं लागतं, संध्याकाळी पाच ते सात, रोख किंवा यूपीआय दोन्ही चालतं. नाव देताना मराठी नोट्स आणि मायक्रोस्कोपचा कॅमेरा या दोन गोष्टींचं विचारा, मी वहीत लिहून आलेय, अजून चार जणांनी विचारलं तर करतील. आणि घरी जाताना ते माश्यांच्या बाटल्या देतात, व्हेस्टिजियलची मागून घ्या, बोळा निसटला तरी घरभर उडत नाहीत.